बसतं म्हणून

वडगावात मागाच्या शेडचा अर्धा भाग आता माझा.
मधल्या पत्र्यापलीकडं अजून सहा माग चालतात,
त्यांच्या ठोक्यानं टेबलावरचे स्क्रू
हळूहळू कडेला येतात;
मी ते वाटीत ठेवते.

बसगौडा हुक्केरीहून आला
ग्राफिक्स कार्ड टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन,
दवाखान्यातून तान्हं आणावं तसं.
लग्नांचे व्हिडिओ करतो.
मे महिन्यात एकोणीस लग्नं,
आणि जुना कॉम्प्युटर हळदीतच अडकतो,
अक्षतांपर्यंत पोचत नाही.

कार्डाच्या डोक्यावर दोन खाचा, आठ-आठ भोकांच्या.
सप्लायबरोबर केबल एकच आलेली,
शेवटाला दोन तोंडं फुटलेली.
"एकीवरच दोन्ही लावा की बाई."
लागतील. खरं
वरातीतला नाच रंगवायला घेतला कार्डानं
की ती वायर तव्याच्या दांड्यासारखी तापेल.

मग त्यानं खिशातून दुसरी काढली.
"भावाच्या जुन्या सप्लायची. बघा, बसते."
सप्लायच्या भोकात बसली.
नखाला खटकाही लागला.
"तडी," मी म्हटलं,
दुसरं टोक कार्डाकडं निघालं होतं त्याच्या हातात.

त्याला सांगायला वेळ लागला.
कार्डाकडच्या टोकाला जगभर एकच कायदा,
कुठल्या भोकात बारा व्होल्ट, कुठल्यात काही नाही, ठरलेलं.
सप्लायकडच्या टोकाला
ज्या त्या कंपनीच्या घरचा रिवाज.
पूर्वी पिवळी-काळी बघून थोडं तरी कळायचं,
आता सगळ्या वायरी काळ्याच करतात.

कार्ड लांब ठेवलं.
कागदाच्या पिनेनं सप्लाय जागा केला,
मीटरची सुई-टोकं धरली त्याच्यासमोर.
जिथं शून्य पाहिजे तिथं मीटर बारा म्हणाला.
बसगौडा काही बोलला नाही.
मीही ड्रॉवर उघडून
काकतीच्या पोराचं कार्ड दाखवलं नुसतं,
माझ्या पहिल्या वर्षातलं.
वास गेलाय, डाग आहे.
अकरा महिने फेडत होते.
तेव्हा मीही म्हणाले होते, बसते की.

इराप्पा खडेबाजारातून
त्याच कंपनीची दुसरी केबल घेऊन येईस्तोवर
मी भावाच्या केबलीला चिकटपट्टी लावली,
एका टोकाला मराठीत कंपनीचं नाव.
दुसऱ्या टोकाला बसगौडानं स्वतः लिहिलं, कन्नडमध्ये,
आणि खाली एक फुली.
फुली दोघांनाही वाचता येते.

आठ वायरींतल्या तीन वीज नेतात,
तीन परत आणतात,
उरलेल्या दोघी काहीच उचलत नाहीत,
नुसतं कळवतात कार्डाला, आम्ही आलोय.
तेवढं कळल्याशिवाय ते पोटभर मागत नाही.
मला ह्या दोघी आवडतात.
कुणाला सांगितलं नव्हतं, आज बसगौडाला सांगितलं,
तो म्हणाला, लग्नात अशा दोन मावश्या असतातच.

पहिली केबल लावायला घेतली आणि लाईट गेली.
सहाही माग एकदम थांबले.
वाटीतले स्क्रू गप्प.
मोबाईलच्या उजेडात
सहाचा तुकडा आणि दोनाचं शेपूट चिमटीत जुळवून
सरळ आत दाबलं,
आणि पहिल्यांदा, चार वर्षांत पहिल्यांदा,
मला तो खटका ऐकू आला.
एरवी नखालाच कळतो.
वाळकी काडी मोडल्यासारखा, बारका.
दुसरी केबल मुद्दाम सावकाश लावली.
पुन्हा तोच.

"आतेन्री?" बसगौडानं विचारलं.
मी दोन्ही केबली हलक्या हातानं ओढून पाहिल्या.
आतु म्हणायला
लाईट यायला पाहिजे.
पत्र्यापलीकडं कुणीतरी खोकलं,
कुणीतरी विडी पेटवली.
आम्ही बसलो.